कोपरावरचा रफू

आमची धाकटी बहीण परदेशात सामूहिक कबरी उकरते. हे वाक्य पाहुण्यांना सांगताना मी आधी त्यांचा चहा संपू देतो. ती पुरातत्त्व शिकायला गेली तेव्हा तिला सोन्याची नाणी सापडतील, या भरवशावर मी होतो. सापडली माणसं. त्यांचे कपडे हलक्या हातानं सोडवायचे, धुवायचे, सावलीत वाळवायचे आणि नातेवाइकांना ओळखायला बोलवायचं, हे तिचं काम. एवढं शिकून शेवटी कपडेच धुवायचे, असं मी एकदा म्हणालो होतो. एकटाच हसलो.

गेल्या हिवाळ्यात ती बेसाला माझ्या घरी आली, ती दादासाठी. आमचा थोरला दादा लहानपणापासून हातमागावर विणायला बसलेला. माग बंद पडल्यावर आता धंतोलीत एका दवाखान्याच्या गेटवर असतो. मी सीताबर्डीला साड्या विकतो, पण लेबल वाचल्याशिवाय मला हातमाग ओळखता येत नाही. दादाला बोटांनी कळतो. त्यानं घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला होता: बहीण काम करते तिथली कत्तल झालीच नाही, कबरी बनावट आहेत. तिथल्या गावातले लोकही हेच म्हणतात, बहीण मला सांगत होती. एका म्हातारीला शेजारी तोंडावर ऐकवतात की तुझा पोरगा मेला नाही, शहरात पळून गेला.

"मारणारे त्यायच्यातलेच होते, त्यायले स्वतःले वाचवायचं आहे," ती म्हणाली. "दादाले कोणाले वाचवायचं आहे? त्याले तरी पटलं पाहिजे."

जेवणं झाल्यावर तिनं दादासमोर त्या पोराच्या स्वेटरचे फोटो ठेवले. कोपरावर वेगळ्या रंगाच्या लोकरीचा रफू. म्हातारीनं त्यावरूनच मुलगा ओळखला होता. दादानं चष्मा पुसला, फोटो उजेडाकडे धरला. रफू करणारी बाई डावखुरी असावी, म्हणाला. बहिणीचा चेहरा खुलला. म्हातारी डावखुरीच होती. मग तिनं पाठीवरची भोकं दाखवली. स्वेटर, शर्ट, बनियन, तिन्हींतून एका रेषेत गेलेली. हात मागे तारेनं बांधलेले. मी पाणी आणायला उठलो. अशा वेळी मला हमखास तहान लागते.

दादानं फोटो नीट एकावर एक लावून तिच्या हातात दिले.

"कपडा खरा आहे वं. कोण्या मायनंच रफू केला हा."

"मंग?"

"मंग काय. खरे कपडे आणून खड्ड्यात टाकता येते."

"अन् आतली हाडं, दादा?"

"तू भोळी आहे. ते लोक तुले फसवून राहिले."

आवाजात राग नव्हता, काळजी होती. निघताना त्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, तिकडे थंडी असते, तब्येत जप म्हणाला.

तो गेल्यावर तिनं फोटो पाकिटात भरले. ती म्हातारी दर वेळी विचारते, शेजारी कधी मानतील म्हणून. माझा सख्खा भाऊच मानत नाही, आता तिला काय सांगू, असं तिनं मला विचारलं. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जाऊ नये यासाठी माझ्याकडे गोड बोलण्याचा मोठा साठा आहे. तो तसाच ठेवून मी पुन्हा पाणी आणायला उठलो.