भिंतभर झोपलेली बाई

व्हिडिओ-कलेच्या प्रदर्शनात, एका अंधाऱ्या खोलीत, भिंतभर एक बाई झोपली होती. चित्रफितीत एवढंच होतं: प्रचंड मोठा चेहरा आणि मिटल्या पापण्यांखाली फिरणारी बुबुळं. केवढा पसारा असेल आत, आणि आड फक्त पापणीएवढी कातडी! मी बघतच राहिले.

तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. दाराशी बसलेल्या मावशींनी ओठांवर बोट ठेवलं. “हळू! जाग येईल ना तिला.” रोज सकाळी प्रोजेक्टर लावणाऱ्या त्याच. त्यांनी लगेच जीभ चावली. मला मात्र हसू आलं नाही, कारण मीही मघापासून चवड्यांवरच चालत होते.

घरी आले तर हे जेवून आडवे झाले होते. “मला स्वप्नं पडतच नाहीत,” हे यांचं लग्नापासूनचं म्हणणं, आणि मी ते कधी तपासलं नव्हतं. खुर्ची अलगद उचलून मी समोर बसले. यांच्या पापण्यांखाली बुबुळं सरकत होती. एकदा ओठही हलले.

या माणसाच्या शेजारी बत्तीस वर्षं झोपतेय मी. चहाची वेळ टळून गेली, तरी हाक मारायचा मला धीर झाला नाही.