पर्लच्या गळ्यातली घंटा

आमचा देश त्या परक्या लढाईत का उतरला, याची भाषणं अजून दरवर्षी चर्चच्या पटांगणात होतात. मी जात नाही. शिसारी येते मला. माझा दीर ईनस थार्प, त्याचं काय झालं तेवढं ऐका, म्हणजे भाषणांची गरज उरणार नाही.

ईनस अमेरिकेतल्या आमच्या मिझुरी राज्यातला खेचरवाला. बायको गेली तेव्हा त्याचा लॉनी रांगत होता. मी विधवा, पोटी मूल नाही. लॉनी माझ्याच हातचा मक्याचा पाव खाऊन वाढला. ईनस माणसांशी कमी बोलायचा, खेचरांशी मात्र दिवसभर गप्पा.

तो क्रँडल नावाच्या खेचरांच्या व्यापाऱ्याच्या अड्ड्यावर कामाला होता. खेचर कधी रेल्वेच्या डब्यात चढवून बघा! मारा, ओढा, ढिम्म हलत नाही. पण खेचरांना घोडीचं भारी वेड. म्हणून ईनस पर्ल नावाच्या पांढऱ्या घोडीच्या गळ्यात घंटा बांधायचा आणि तिला फळीवरून डब्यात न्यायचा. घंटेमागं सगळा कळप निमूट आत. मग पर्लला पलीकडच्या दारानं हळूच बाहेर काढायचं आणि दारं लावून घ्यायची. खेचरं चालली परमुलखात, पर्ल परत तबेल्यात चंदी खायला.

चौदा साली युरोपात जुंपली. अध्यक्ष म्हणाले, आपण कुणाच्याच बाजूचे नाही. गावानं टाळ्या पिटल्या. थोड्याच दिवसांत अड्ड्यावर इंग्रज खरेदीदार हजर! खोगीर शिवणारा म्हातारा फोख्ट जन्मानं जर्मन. तो मला म्हणाला, "बाई, खेचरं सगळी एकाच बाजूला चाललीत, आणि आपण म्हणे मधले!"

"डोंबलाचे मधले!" मी म्हटलं.

पण गावाला कोण सांगणार? खेचरांच्या पैशानं चर्चला नवा रंग लागला, बायकांच्या डोक्यावर नव्या टोप्या आल्या. पर्ल रोज डब्यात चढत होती आणि रोज उतरत होती.

मग खेचरांची एक बोट जर्मनांनी बुडवली. जनावरं सांभाळायला गेलेला आमच्या गावचा पोरगा क्लेम तिच्यावरच होता, तोही बुडाला. गाव पेटलं. "निष्पाप बोट! मेले राक्षस!" ईनस म्हणाला, "क्लेमसाठी माझाही जीव तुटतो. पण तोफा ओढणारी खेचरं होती बोटीत. जर्मनांनी काय तिला ओवाळायचं होतं?" झालं, ईनस जर्मनांचा चमचा ठरला.

क्रँडल न्हाव्याच्या दुकानात खरं बोलून गेला होता. "इंग्लंडनं आपल्याच बँकांकडून कर्ज घेऊन आपलाच माल नेलाय. ते हरले तर आपण सगळे बुडालो." बाहेर चौकात मात्र तोंडात माणुसकी आणि स्वातंत्र्य. थू त्याच्या तोंडावर!

सतराच्या एप्रिलात आम्हीही लढाईत उतरलो. फोख्टच्या दुकानाला गद्दार म्हणून पिवळा रंग फासला, तोही ज्यांची खोगिरं त्यानं शिवली त्यांनीच. पुढं सक्तीची भरती आली आणि लॉनीला बोलावणं आलं. ईनसला तर अन्न गोड लागेना.

भरतीच्या समितीवर क्रँडलच. त्यानं ईनसला बोलावून घेतलं. "पोरांची मिरवणूक स्टेशनापर्यंत न्यायचीय. पर्लला सजव, घंटा बांध आणि पुढं चाल. तू पुढं दिसलास की कुरकुरणाऱ्यांची तोंडं बंद. लॉनीला मी अड्ड्यावरच्या कामासाठी ठेवून घेतो. त्याचं नावच पुकारणार नाही."

"वहिनी, जाऊ का?" ईनसनं मला विचारलं.

"जा बाबा," मी म्हटलं. "पोर घरी राहतंय ना!" लॉनीला आम्ही काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मित्रांसमोर लाजेनं मेला असता.

बँड वाजला. पुढं ईनस आणि पर्ल, मागं पोरं. फलाटावर नावं पुकारली. लॉनीचं नाव खरंच आलं नाही. माझ्या जिवात जीव आला. तेवढ्यात लॉनी पुढं सरसावला. "माझं राहिलं! थार्प, लॉनी थार्प. लिहा!" आणि टाळ्यांच्या गजरात चढला की डब्यात!

ईनस घोडी सोडून धावला. "उतर, लॉनी! तुला जायचं नाहीये!"

"असं काय करता बाबा?" लॉनी खिडकीतून हसत म्हणाला. "सगळ्या गावापुढं तुम्हीच तर पुढं होता!"

क्रँडल पोरांना निरोप द्यायला डब्यात चढला होता. हात मिळवले, पाठी थोपटल्या, डोळे पुसले. शिटी झाली तसा पलीकडच्या दारानं अलगद खाली उतरला. आमची पोरं घेऊन गाडी गेली.

क्रँडल रूळ ओलांडून रुमाल झटकत आला. ईनसनं पर्लच्या गळ्यातली घंटा सोडली आणि सगळ्यांदेखत त्याच्या गळ्यात अडकवली.

"ही तुमची," तो म्हणाला. "पर्ल मुकं जनावर. ती कुठं नेते, ते तिला ठाऊक नव्हतं."

लॉनी फ्रान्सच्या चिखलातच राहिला.