चौथ्या रिलेचा चहा

आमचे पंढरीकाका मूळचे साताऱ्याचे. फौजेत सिग्नल्सला होते, जयपूरलाच निवृत्त झाले आणि तिथल्याच सी-स्कीम भागातल्या आमच्या रेडिओ स्टेशनवर तंत्रज्ञ म्हणून चिकटले. दोन गोष्टी त्यांना खपत नाहीत: पाणचट चहा आणि पोच न दिलेला निरोप.

मुंबईच्या मुख्यालयातून आमच्या रिसीव्हरवर कार्यक्रम येतो आणि त्याच्यासोबत इशारेही येतात. इशारा आला की आतला रिले, म्हणजे आपोआप चालणारा खटका, टक्कन लागतो आणि नेमून दिलेलं काम होतं. पहिल्यावर जाहिराती, दुसऱ्यावर स्टेशनचं नाव, तिसऱ्यावर हवामान. चौथ्याला कामच नव्हतं. तरी रोज दुपारी गाण्यांचा लांबलचक कार्यक्रम लागला की त्याचा दिवा लुकलुकायचा.

"मुंबई हाक मारते आणि आपण ढिम्म?" असं म्हणून काकांनी चौथा रिले थेट पॅन्ट्रीतल्या घंटीला नेमून दिला. तेव्हापासून गाणी लागली की घंटी वाजायची आणि पॅन्ट्रीवाले नंदकिशोरजी आल्याचा चहा घेऊन हजर! मी तिथली निवेदिका. मलाही कप मिळायचा, म्हणून मी तोंड मिटून होते.

मग मुख्यालयातून सोनल नावाची अधिकारी तपासणीला आली. काकांचा करार संपत आला होता आणि तो वाढवायचा की नाही, हे तिच्या हातात होतं.

"घरी बसलो तर तारामती मला रोज मेथी निवडायला लावेल गं," काका मला म्हणाले. बायकोला ते शत्रूपेक्षा जास्त भितात.

घाबरलेला माणूस घोटाळा करतोच. सोनलने विचारलं, "चौथा रिले?" आणि काका म्हणाले, "रिकामा आहे, मॅडम."

"मग तपासून बघू." तिने मुंबईला फोन करून इशारा मागवला. दार उघडून नंदकिशोरजी अदबीने म्हणाले, "हुकम, चाय!" तिने पुन्हा मागवला. पुन्हा चहा. तिसऱ्या वेळी नंदकिशोरजीच कुरकुरले, "मॅडमजी, इतनी चाय पिएँगी तो नींद नहीं आएगी."

"हा चहा मागवतंय कोण?"

काकांनी टाचा जुळवल्या. "आपणच, मॅडम."

मी खोकून हसू दाबलं. सोनल हसली नाही, एक कप मात्र तिने संपवला. "घंटीचं काय करायचं आणि तुमचं काय करायचं, ते मुंबईला जाऊन कळवते," म्हणाली आणि गेली.

काकांनी घंटी काढली नाही. तसा हुकूम आला नव्हता ना! पण दुपारचा चहा समोर गार होऊ लागला, ते कपाला हात लावेनात. मला फार वाईट वाटायचं. चहाचं नव्हे, त्यांचं.

आणि एका सकाळी, गाण्यांना अजून भरपूर वेळ असताना, घंटी वाजली. नंदकिशोरजी गोंधळून बाहेर आले. "अभी से?"

काका रिसीव्हरकडे धावले. चौथा दिवा लागलेला. मुंबईतून कुणीतरी मुद्दाम इशारा पाठवला होता, आणि कुणी, ते आम्हाला वेगळं सांगायला नको होतं. काकांनी रिसीव्हरला कडक सॅल्यूट ठोकला, कप उचलला, भुरका मारला आणि घरी फोन लावला.

"तारामती, मेथी तूच निवड."