सव्वादोनच्या बांगड्या

तुझ्या पत्रात तू लिहिलंस की सकाळी उठल्यावर तासभर तुझी बोटं मिटत नाहीत आणि तिथल्या डॉक्टरांनी त्या दुखण्याला एक लांबलचक नाव दिलं आहे. तुझ्या आजोबांच्या आईला हेच होतं. आम्ही त्याला नुसतं संधिवात म्हणत असू. तुम्हां भावंडांना ही हकीकत मी कधी सांगितली नाही, कारण तिच्यात मी चुकले होते. आता क्रमानं सांगते.

लग्न होऊन मी आखाडा बाळापूरला आले तेव्हा इंग्रजी शिकलेली सून गावात दुसरी नव्हती. हैदराबादेत मामांकडं राहून मी मॅट्रिक झाले होते. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणायचो. वय चाळिशीचं, पण सकाळी त्यांचे हात लाकडाचे असत. मनगटं सुजलेली, स्पर्श केला तर गरम. ऊन अंगणात येईपर्यंत त्यांना पाण्याचा तांब्या उचलता येत नसे. निर्गुडीचा पाला बांधून झाला होता, तापल्या वाळूची पुरचुंडी फिरवून झाली होती. एका वैदूनं बिब्बा लावला, त्याचे फोड तेवढे उठले.

मला नीटनेटकेपणाची खोड. मी एक वही केली. कुठला सांधा, किती वेळ, आदल्या दिवशी काम काय झालं, सगळं लिहायची.

"काय लिहून राहिलीस गं?" आत्याबाईंनी एकदा विचारलं.

"तुमचं दुखणं लिहिते."

"लिही बाई. माझ्याच्यानं तर पेलंना, वहीला पेलतंय का बघ."

ती वही घेऊन मी त्यांना हिंगोलीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पानं उलटून पाहिली आणि अ‍ॅस्पिरिनच्या गोळ्या दिल्या. मला इंग्रजीत म्हणाले, "हा रोग जाणार नाही. दुखणं दाबून ठेवता येईल, तेही गोळ्या चालू आहेत तोवर. आणि रिकाम्या पोटी देऊ नका." घरी आत्याबाईंना मी यातलं शेवटचं तेवढं सांगितलं.

सोमवार, एकादशी, चतुर्थी धरून त्यांचे महिन्याला सात-आठ उपास. उपासालाही मी भगरीचं ताट समोर ठेवून बसायची. "सासू मी हाय का तू?" असं म्हणत त्या खायच्या. महिन्या-दीड महिन्यात सूज उतरली. संक्रांतीला त्यांनी स्वतः भाकरी थापल्या. तो आवाज मी परसात उभी राहून ऐकला आणि मला वाटलं, हे मी केलं.

त्याच आठवड्यात बांगड्यावाली आली. मुसलमान मणियाराच्या घरातली ती म्हातारी, तिला गाव बूबू म्हणे. तिनं आत्याबाईंचा हात हातात घेऊन अंगठ्याखालचा सांधा दाबला आणि अडीचच्या मापाच्या बांगड्या काढल्या.

"ह्या काहून? सव्वादोनच्या भर. माझ्या लग्नातलं माप हाय ते."

"बाई, ये हात आज बारीक हाय. कल का क्या भरोसा?"

आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "भरा सव्वादोनच्या. आता सूज येणार नाही." बूबूनं एकेक बांगडी हाडांवरून अशी उतरवली की आत्याबाईंच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. दोन्ही हातांत सहा-सहा. हिरव्यागार.

पुढं उन्हाळ्यात आमच्या मुलखात धामधूम सुरू झाली. निजामाचं राज्य राहणार की जाणार, कुणाला कळत नव्हतं. मारहाणीच्या, धरपकडीच्या भीतीनं गावोगावचे पुरुष निजामाची सरहद्द ओलांडून वऱ्हाडात जाऊन राहिले. मामंजी, म्हणजे माझे सासरे, आणि तुमचे आजोबाही गेले. मोटारी बंद, हिंगोलीचा रस्ता बंद. बाहेरून मालच येत नव्हता, गोळ्या कुठून येणार? मी त्या आधी अर्ध्या केल्या, मग दिवसाआड दिल्या, मग डबी रिकामी झाली.

आषाढात सूज परतली, आणि आधीपेक्षा जास्त. बांगड्या मनगटात रुतल्या. त्यांच्याखालची कातडी ओली राहू लागली, एका ठिकाणी चिघळली. मी तेल लावलं, साबण लावला, पण सांध्यावरून बांगडी हलेना. मी अडकित्ता आणला तशा आत्याबाई उठून भिंतीला टेकल्या.

"न्हाई. मालक कुठं हायेत, कसे हायेत, चिठ्ठी न्हाई की निरोप न्हाई. अन् मी हात मोकळे करू?"

नवरा गेल्यावरच बायकोच्या बांगड्या फोडतात. आपल्या हातानं तसा अपशकुन करायला त्या मरेपर्यंत तयार झाल्या नसत्या. अखंड बांगडी काढील अशी गावात एकच बाई होती, आणि त्या धामधुमीत मुसलमान गल्लीतलं कुणी आमच्याकडं येत नव्हतं, आमच्यातलं कुणी तिकडं जात नव्हतं. मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी डोक्यावर पदर घेऊन गेले. बूबूनं दार फटीएवढं उघडलं. मी हात कसा झालाय ते सांगितलं. ती चपला शोधायला आत वळली, तेवढ्यात तिची सून जाऊ नको म्हणून तिच्याशी भांडली. तरी ती आली.

तिनं आत्याबाईंचा हात मांडीवर घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळला, बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग म्हणाली, "नहीं निकलती, बाई. तोडनाच पडेगा."

"तू बी असंच म्हणतीस?"

"पहले हळद का दोरा बांधती मैं. हात एक पल खाली नहीं रहता. फिर तोडती."

आत्याबाईंनी हात मागं ओढला. तेव्हा मी ते बोलले. म्हणाले, "आत्याबाई, बांगड्या निघाल्या की रक्त मोकळं होईल. दुखणं उतरेल. आमच्या पुस्तकात आहे." कुठल्याच पुस्तकात तसं नव्हतं. जखमेपुरतं ते खरं होतं, सांध्याचं दुखणं वेगळं, हे मला माहीत होतं. पण डबी रिकामी होती आणि माझ्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं.

"उतरल? बराबर सांग."

"उतरेल."

त्यांनी हात पुढं केला. बूबूनं दोरा बांधला, काच आणि कातडी यांच्यामध्ये कापडाची घडी सरकवली आणि एकेक बांगडी दाबून फोडली. बाराही. ती स्वतःच रडत होती. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले होते.

जखम आठ दिवसांत सुकली. दुखणं होतं तिथंच राहिलं. रोज सकाळी त्या हात मांडीवर ठेवून बसायच्या आणि विचारायच्या, "कधी उतरल गं?" मी म्हणायची, "होईल थोड्या दिवसांत." पुढं त्यांनी विचारणं सोडलं.

राज्य बदललं, रस्ते उघडले, दसऱ्याच्या सुमारास मामंजी आणि तुमचे आजोबा सुखरूप परतले. आत्याबाई पदराखाली हात झाकून दाराशी उभ्या होत्या. मामंजींनी पाहिलंच.

"बांगड्यांचं काय घेऊन बसलीस? मी धडधाकट आलो न्हाई का?"

"तुमी आलात, देवाची कृपा," त्या म्हणाल्या. "पण सूनबाई म्हणली व्हती, दुखणं जाईल म्हणून."

त्यात टोमणा नव्हता. झालं ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मामंजींनी माझ्याकडं पाहिलं, आणि मी पाणी आणायला आत गेले.