डाग काचेवर की डोळ्यात

डोळ्यांच्या दवाखान्यात तिला सगळे फोटोबाई म्हणत. थेंब घालून बाहुली मोठी झाली, की पेशंटला कॅमेऱ्यापुढच्या पट्टीवर हनुवटी टेकवायला लावायची आणि डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो घ्यायचा, हे तिचं काम. स्क्रीनवर एक नारंगी गोल यायचा आणि त्यावर लाल शिरांचं जाळं. पेशंट हमखास विचारत, "काय दिसलं हो?" आणि ती हमखास म्हणे, "डॉक्टर सांगतील."

त्या दिवशी खुर्चीत तिची थोरली नणंद बसली होती.

नणंदेचं शिवणाचं दुकान होतं. बाई कामाला वाघ, पण बोलायला भारी फटकळ. फोटोबाई लग्न होऊन आल्यापासून तिला जरा टरकूनच असे. अशी बाई आपणहून दवाखान्यात आली, तीही कुणाला न सांगता, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं खास.

"टीप सरळ मारली तरी मला वाकडी दिसते," नणंद म्हणाली. "आणि हे घरी बोलू नकोस इतक्यात."

डाव्या डोळ्याचा फोटो आला. जवळजवळ मधोमध एक पांढुरका ढग होता. सुईचं नेढं, अक्षरं, माणसांचे चेहरे, सगळं माणूस त्याच जागेनं बघतो. तिनं उजव्या डोळ्याचा फोटो घेतला. तिथेही ढग. तेवढाच, आणि फोटोत अगदी त्याच जागी.

हे कसं शक्य आहे? तिनं आधीचे फोटो उघडले. नणंदेच्या आधी एक पोस्टमन येऊन गेला होता. त्याच्या दोन्ही फोटोंतही तोच ढग. डॉक्टरांनी त्याला तातडीनं मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. बिचारा तोंड पाडून गेला होता.

"ताई, घाबरू नका," ती भडाभडा बोलून गेली. "डाग कॅमेऱ्याच्या काचेवर आहे. तुमच्या डोळ्यात काही नाही."

नणंदेनं डोळे मिटून सुस्कारा सोडला. "अगं, रात्र रात्र झोप नाही मला." तिनं लगेच पिशवी उचलली. "निघते मग. गिऱ्हाइकं ताटकळली असतील."

"थांबा, काच पुसून एकेक फोटो घेते. डॉक्टरांना द्यायला हवेत."

बॅटरीच्या उजेडात काचेवर तेलकट ठसा दिसला. कुणाचं तरी नाक टेकलं असणार. तिनं रबरी फुग्यानं धूळ उडवली, काच पुसायच्या कागदावर औषधाचा थेंब घेतला आणि मधून कडेकडे गोल फिरवत पुसलं.

उजवा डोळा लख्ख आला. डाव्यातलाही ढग गेला. पण ढगानं झाकलेल्या जागी एक काळपट लाल ठिपका होता.

धूळच असेल, तिनं स्वतःला बजावलं. पुन्हा फुगा दाबला, पुन्हा फोटो घेतला. ठिपका होताच.

"ताई, जरा वर बघा."

फोटोत शिरा सरकल्या आणि त्यांच्याबरोबर ठिपकाही सरकला. काचेवरचा डाग जागचा हलत नाही. हा डोळ्याबरोबर फिरत होता.

"झालं का गं?" नणंदेनं विचारलं.

'डॉक्टर सांगतील' हे ओठांवर आलं होतं. पण मघाशी आपणच तोंड उघडलं होतं. फोटोबाई कॅमेऱ्याला वळसा घालून तिच्यासमोर स्टुलावर बसली.

"ताई, मी घाईनं बोलले. ढग काचेवरचाच होता. पण त्याखाली आणखी एक ठिपका आहे. तो तुमच्या डोळ्यात आहे."

"मघाशी म्हणालीस, काही नाही."

"चुकलं माझं."

आता आपली खरडपट्टी निघणार, असं तिला वाटलं. नणंद पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "आंधळी होणार का मी?"

"ते मला नाही सांगता येत. पण आत्ता तुम्ही इथून हलायचं नाही."

डॉक्टरांना तिनं दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या, ठिपक्याची आणि पोस्टमनची. डॉक्टरांचा चेहरा उतरला. "तपासायला हवा होता मी कॅमेरा आधी," ते पुटपुटले. "त्याला फोन लावा." फोन नुसता वाजत राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं उचलला. तो हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर बाकावर बसून होता. आत जायचा धीरच होत नव्हता त्याला. परत आला, तेव्हा फोटो स्वच्छ निघाला. मग मात्र त्यानं फोटोबाईला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं.

नणंदेच्या डोळ्यात एक बारीक शीर पाझरत होती. त्याच दिवशी डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागलं. फोटोबाई उशाशी उभी होती. नणंदेनं तिचा हात असा आवळला, की नखं रुतली.

भावाला नणंदेनं संध्याकाळी स्वतःच सांगितलं. तो चिडून काही बोलायच्या आत म्हणाली, "ओरडू नकोस. तुझी बायको होती सोबत."

पुढे बरेच महिने इंजेक्शनं चालली. ठिपका आकसला, पण पुरता गेला नाही. टीप अजून किंचित वाकडी दिसते. बारीक कामाला तिनं हाताखाली एक बाई ठेवली आहे, आणि दिवसभर तिच्या टिपांना नावं ठेवत असते.