भोंग्याची सुट्टी

माझा आवाज गेला तो भर मैदानात, मायकवर, एका बाईच्या नावाच्या मधोमध. नटाला याहून झकास एक्झिट मिळायची नाही, असं मी आता म्हणतो. त्या वेळी मात्र मी मायकच बिघडला समजून त्यावर टिचक्या मारत होतो.

मी धंद्यानं पुकारणारा. सायकलरिक्षावर दोन भोंगे, पायाशी बॅटरी आणि तोंडाशी मायक. गांधीबागेतला कापडाचा सेल, नवा सिनेमा, सर्कस, डोळ्यांचं शिबिर, जे असेल ते मी नागपूरच्या गल्ल्यांतून ओरडत फिरायचो. दसऱ्याला मात्र फुकट पुकारायचो. त्या दिवशी दीक्षाभूमीवर कुठून कुठून माणसं येतात आणि त्यांतली बरीच हरवतात. पोट्टे हरवतात, म्हाताऱ्या हरवतात, नवरेही हरवतात, काही तर हौसेनं. मी मचाणावर बसून नावं घ्यायचो. पद्धत ठरलेली होती. आधी नाव, मग गाव, मग "तुमची माणसं तुमची वाट पाहून राहिली, जिथं असाल तिथून मंडपाजवळ या." नाव असं लांबवायचं की मैदानाच्या पार त्या टोकाला असलेल्या माणसानंही मान वळवली पाहिजे.

एकोणीसशे ऐंशीच्या आसपासची गोष्ट. एक म्हातारबा मचाणाखाली आले. बायको हरवली होती.

"नाव सांगा बाबाजी," मी म्हणालो.

"तिचं?"

"मग काय माझं?"

म्हातारबा इकडंतिकडं पाहू लागले. जन्मात त्यांनी बायकोचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं. शेवटी मला खाली वाकायला लावून त्यांनी ते माझ्या कानात सांगितलं, लग्नाआधीच्या पोरासारखं लाजून. मला हसू आलं. मग आठवलं की मी तरी घरी "अवं" आणि "ऐकून राहिली काय" यावरच भागवतो. आयुष्यभर परक्या बायकांची नावं चौकाचौकांत ओरडलो, स्वतःच्या बायकोचं एकदाही नाही.

मी मायक घेतला. अर्धं नाव निघालं आणि पुढं नुसती हवा आली, सायकलच्या ट्यूबमधून येते तशी. मचाणावरच्या दुसऱ्या कार्यकर्त्यानं मायक घेतला, नाव पूर्ण केलं, म्हातारी सापडली. ती शेजारच्या पाणपोईवर लोकांना पाणी वाटत होती. माझा आवाज मात्र सापडला नाही.

घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून पाहिलं. "गाठी आहेत. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, ते ओरडण्यापेक्षा वाईट. गाठी विरल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. मग आवाज कसा राहील ते मी सांगू शकत नाही."

मी विचारायला तोंड उघडलं. त्यांनी बोट दाखवून मिटायला लावलं.

नागपुरात महिनाभर गप्प बसणं किती अवघड असतं ते गप्प बसल्यावरच कळतं. आम्ही इंदोऱ्याच्या वस्तीत राहायचो. सकाळी दार उघडलं की समोरून "जयभीम" यायचा, आणि जयभीमला उत्तर न देणं म्हणजे थोबाडीत मारण्यासारखंच. मी हात जोडायचो. लोक म्हणायचे, "काहून गा, मोठा माणूस झाला काय?" गळ्याकडं बोट दाखवलं की प्रत्येक जण आपला काढा सांगायचा आणि "कसं वाटलं?" म्हणून उत्तराची वाट पाहायचा. आठवडाभरात चार वेळा माझ्या तोंडून शब्द सुटला. चारही वेळा तो फाटक्या कापडासारखा निघाला. झोपेत बडबडतो की काय या भीतीनं मी झोपणंसुद्धा कमी केलं.

माझी बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होती, परगावचे कॉल जोडून द्यायची. दिवसभर "बोला", "लाइन साफ नाही, पुन्हा बोला", "तीन मिनिटं झाली" म्हणून ती घरी आली की गप्प व्हायची, आणि मग माझा कारखाना सुरू व्हायचा. आमच्या संसाराची वाटणी अशी चोख होती. चौथा शब्द सुटला तेव्हा ती म्हणाली, "इथं तुमचं काही खरं नाही. तुम्हाले असं ठिकाण पाहिजे जिथं तुमच्याशी कोणी बोलूनच नाही राहिलं."

ट्रंक ऑपरेटरांची जात वेगळीच. एकमेकींना जन्मात पाहिलेलं नसतं, पण आवाजावरून कोणाला सर्दी झाली ते कळतं. दुपारी लाइनी ओस पडल्यावर बायकोनं मद्रासच्या ऑपरेटरणीला विचारलं, तिनं पोर्ट ब्लेअरच्या ऑपरेटरला विचारलं, त्यानं आणखी कोणाला तरी. शांत जागा शोधायला अर्ध्या देशात बोंब झाली. काही दिवसांनी उत्तर आलं. अंदमानातलं एक लहानसं बेट, त्यावर सरकारी लाकडी विश्रामगृह, माणसं मोजकीच, वीज असून नसल्यासारखी. बेटाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही जाल, आणि मग ते शांत राहणार नाही.

बायकोनं साठलेली रजा आणि आजवर न वापरलेली एलटीसी, म्हणजे प्रवासाची सरकारी सवलत, दोन्ही काढली. महिना आगबोटीत पाय ठेवल्यापासून मोजायचा असं ठरलं. गळ्यात दोरीनं पाटी अडकवून, खिशात पेन्सिली घेऊन मी निघालो. स्टेशनवर पोहोचवायला आलेल्या मित्रांना शंका होती की मला काळ्या पाण्याची शिक्षाच झाली असावी.

आगबोटीत मी एकच काम केलं, गिळलं. दर थोड्या वेळानं गिळून पाहायचं, गाठ लागते का, काल लागली तेवढीच का. समुद्र पहिल्यांदा पाहत होतो, पण खरं सांगायचं तर अर्धाच पाहिला. अर्धं लक्ष घशात.

बेटावर उतरलो. नारळाची झाडं, पत्र्याच्या छपराचं लाकडी घर, ओसरीसमोर पाणी. माणूस दिसेना. मी मनातल्या मनात त्या साऱ्या ऑपरेटरांना दुवा दिला. तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून एक उंच, टकला गृहस्थ पंच्याला हात पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "आले काय जी नागपूरवाले?"

बायको जागीच थांबली. मागं भिंतीवर तोच फोटो दिसत होता जो आमच्या घरी आहे, ताज्या फुलांच्या हारासकट. "जयभीम," ती म्हणाली.

"जयभीम, बाई. जयभीम, भाऊ."

माझा जबडा उघडला. बायकोनं कोपर मारलं, नाहीतर पाचवा शब्द तिथंच गेला असता.

हा विश्रामगृहाचा रखवालदार. भंडाऱ्याकडचा, फौजेतून सुटल्यावर इथं चिकटलेला, लग्न नाही. बेटावर बंगाली होते, तेलुगू होते, पण त्याची बोली समजणारं कोणी नव्हतं. पोर्ट ब्लेअरच्या त्या भल्या ऑपरेटरनं विचार केला होता की एवढ्या लांब येणाऱ्या बिचाऱ्या नागपूरकरांना बोलायला आपलं माणूस मिळावं, म्हणून सगळी बेटं सोडून मुद्दाम हेच शोधलं होतं.

रखवालदार बोलायला लागला तो थांबेना. "नागपुरात तर्री-पोहे अजून भेटतात काय? धानाचं कसं आहे औंदा? दसऱ्याले मैदानात तो भोंग्यावाला अजून नावं पुकारते काय? काय आवाज होता गा त्याचा."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी पाटीकडं. ती शांतपणे म्हणाली, "हेच ते."

तिथून माझा छळ सुरू झाला. त्याला वाटलं मी त्याची गंमत करतोय. चहा देताना म्हणायचा, "एकच नाव पुकारा न भाऊ. कोणाचंबी." मी पाटी दाखवायचो, तिच्यावर डॉक्टरांचा हुकूम मोठ्या अक्षरात लिहिलेला. तो वाचून म्हणायचा, "बरं. हळूच पुकारा मग."

उत्तरं बायको द्यायची. वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिला मोकळं मैदान मिळालं होतं, आणि ते तिनं सोडलं नाही. माझ्या गोष्टी ती माझ्यासमोर सांगायची, आणि चुकीच्या. सर्कशीचा हत्ती माझ्या रिक्षामागं लागला होता, ही माझी खास गोष्ट. तिच्या सांगण्यात हत्तीची शेळी झाली होती.

"शेळी?" रखवालदार म्हणाला.

"शेळीच होती. हे वाढवून सांगतात."

मी पाटीवर 'हत्ती' लिहून दोघांसमोर धरली. दोघंही हसत बसले. माझ्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि शिरा ताणल्यानं गाठी वाढतील या भीतीनं मी ओसरीवरून उठून गेलो.

मग मी बेटावर बेटाहून शांत जागा शोधायला लागलो. किनाऱ्यापासून आत, नारळबागेत, खोबरं वाळवायची एक रिकामी झोपडी सापडली. खाली राख, वर बांबूच्या तट्ट्या, खमंग वास. मी तिथं जाऊन बसलो, आणि पहिल्यांदा कोणीच काही विचारलं नाही. तेव्हा कळलं की खरी कटकट आतच आहे. आवाज आला नाही तर? भोंगे विकावे लागतील. रिक्षा विकावी लागेल. बायकोच्या पगारावर घर चालेल, पण मी घरात नेमकं कोण असेन? मचाणावर दुसरा कोणी बसेल, आणि बरा पुकारेल. हेच मनात फिरत होतं, तोच पाचोळा वाजला. रखवालदार हातात चहाची किटली घेऊन आला होता.

"इथं एकटे काहून बसून राहिले, भाऊ? मी साऱ्या बेटावर शोधून राहिलो."

त्या दिवशी बायकोनं त्याला बाजूला घेऊन समजावलं. काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिचा स्वर 'तीन मिनिटं झाली'वाला होता. दुसऱ्या दिवशी तो चहा ठेवून मुकाट्यानं निघून गेला. तिसऱ्या दिवशीही. भाताचं ताट ठेवताना भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून तो बोटं आधी टेकवायचा. स्वयंपाकघरातून काही ऐकू येईना. दोन मुकी माणसं आणि भोवती समुद्र. मला जेवण जाईना. शेवटी मी पाटी पुसली, 'बोला' असं लिहिलं आणि नेऊन त्याच्या चुलीशी ठेवली.

त्यानं ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. मग म्हणाला, "मीठ कमी पडलं होतं काय काल?" आणि गाडी पुन्हा सुरू झाली. मी ऐकत राहिलो. फार वर्षांनी मी कोणाचं ऐकत होतो. उत्तर द्यायचंच नाही म्हटल्यावर माणूस नीट ऐकतो, एवढं मला कळलं. रुचलं असं मात्र म्हणणार नाही.

महिना संपला. सकाळी बायको समोर येऊन बसली. "बोला."

मी मान हलवली.

"काहून?"

मी घशाला हात लावला. न बोललेला आवाज निदान गेलेला तरी नव्हता. बोलून पाहिलं की एक तर हा निकाल लागणार होता, नाही तर तो. मी परीक्षा पुढं ढकलत होतो. ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली. दुसऱ्या दिवशीही मी गप्प. तिसऱ्या दिवशी आमची होडी होती, पोर्ट ब्लेअरला मोठी आगबोट गाठायची होती.

धक्क्यावर सामान चढलं, मी चढलो, आणि बायकोला आठवलं की चष्मा वर विश्रामगृहात राहिला. ती आणि रखवालदार मागं गेले. होडीवाला तेलुगू. ओहोटी लागली होती, तो घाई करत होता. मी त्याला हातानं थांब म्हणून खुणा केल्या. महिनाभर खुणांवर जगून मला वाटत होतं की मी त्यात पारंगत झालो. त्यानं मान डोलावली आणि दोर सोडला. मी जोरात हात हलवले. त्याला वाटलं मी बेटाचा निरोप घेतोय, तोही हसून हात हलवायला लागला. धक्का सरकायला लागला.

वर नारळांतून बायको येत होती, रखवालदाराशी बोलत, तोंड त्याच्याकडं. बहुतेक शेळीची गोष्ट चालू असावी. ही होडी गेली की आगबोट गेली, ती गेली की पुढची केव्हा ते कोणालाच माहीत नाही.

मी विचार केला नाही. केला असता तर "अवं" निघालं असतं. पण गळ्याला हरवलेल्या माणसाची एकच पद्धत माहीत होती. आधी नाव.

तिचं नाव निघालं. जाड, खरखरीत, कोण्या दुसऱ्याच माणसाचं असावं तसं, पण निघालं, अख्खं, शेवटच्या अक्षरापर्यंत लांबलेलं. मग गाव. "इंदोरा, नागपूर. तुमचे यजमान होडीत तुमची वाट पाहून राहिले. जिथं असाल तिथून धक्क्याजवळ या."

होडीवाल्यानं दोर पुन्हा पकडला. रखवालदार वाटेतच खाली बसला, गुडघ्यावर हात ठेवून. बायको वळली. धावली नाही, ती कधीच धावत नाही. चालत आली, होडीत चढली, माझ्याशेजारी बसली, चष्मा पुसला, घातला.

मी तिचं नाव घेतल्याचं तिच्या लक्षात आलं नसेल अशी मला आशा होती.

"लाइन साफ नव्हती," ती समोर पाण्याकडं पाहत म्हणाली. "पुन्हा बोला."