पोतारलेल्या भिंती

ऐंशीच्या दशकात आमच्याकडे मोतीबिंदूची शिबिरं हिवाळ्यात, शाळांमधून भरत. माझे मामा डोळ्यांचे डॉक्टर. बारावी झाल्यावर रुग्णांचे कागद लिहायला त्यांनी मला सोबत घेतलं. माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. माझं पुस्तकी मराठी ऐकून गावच्या बायका पदराआड हसत. म्हणून मी कमीच बोलत असे.

चामोर्शीजवळच्या एका गावात नर्सबाई आणि मी आदल्या दिवशी पोचलो. ऑपरेशनच्या वर्गात धूळ राहता कामा नये, एवढंच काम मामांनी माझ्याकडे दिलं होतं. डोळा उघडलेला असताना हवेतला कण आत गेला, तर पू होऊन डोळा जाऊ शकतो, हे त्यांनी दोनदा बजावलं होतं.

नर्सबाई बाहेर रुग्ण तपासत बसल्या. मी वर्गात गेले तेव्हा एक तरुण सून दोघी बायांना घेऊन भिंती पांढऱ्या मातीने पोतारत होती. तिच्या सासूचं ऑपरेशन होतं. सासूचा एक डोळा पूर्वीच गेलेला, दुसऱ्यात मोतीबिंदू पिकलेला.

"डाक्टरसायेब येऊन राह्यले, मंग भिंती अशाच ठेवाच्या का बाई?" ती मला म्हणाली. कोपरापर्यंत हात पांढरे, चेहऱ्यावर आनंद. ही माती वाळली की तिची भुकटी सुटते, हे मला माहीत होतं. मी हसले आणि बाहेर आले.

सकाळी मामांनी भिंतीला बोट लावलं. बोट पांढरं झालं. खिडकीतून आलेल्या उन्हात बारीक भुकटी तरंगत होती.

"हे कोणी केलं?"

सून दारात उभी होती. तिने मान खाली घातली. मी म्हटलं, "मामा, काल मी पाहिलं होतं. थांबवलं नाही."

ते माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "आज इथे कोणाचा डोळा उघडायचा नाही." शाळेत दुसरा वर्ग होता, पण त्याच्याही भिंती तिने तितक्याच मायेने पोतारल्या होत्या. सगळ्यांनी आठ दिवसांनी चंद्रपूरच्या, म्हणजे त्यांच्या चांद्याच्या, दवाखान्यात यावं, असं ठरलं. बाकीचे कुरकुरत कबूल झाले. सुनेची म्हातारी सासू मात्र तयार होईना.

"चांदा? तिकडं गेलेला मानूस वापस येत नाई. राहू द्या. अंधारात बसनं येते मले."

तिचा मुलगा समजावून थकला. सून भिंतीला टेकून रडत होती. "माह्याच हातानं झालं जी."

मी म्हातारीजवळ जमिनीवर बसले. "आजी, तुमच्या सुनेची चूक नाही. मला सगळं माहीत होतं. मी काल बोलले नाही."

"काऊन नाई बोलली?"

"लाज वाटली. सगळे हसतात मला."

तिने माझ्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. "माह्या डोळ्यापेक्षा तुही लाज मोठी होय का वं?"

तिने गुडघा चोळला. मग म्हणाली, "मोटरीत माह्याजवळ बसशील त येतो. आन् तिथी माह्या सुनेले कोनी बोललं त तू बोलजो."

आठ दिवसांनी मी एसटीने तिला घ्यायला गेले. सूनही सोबत निघाली. परतताना तिने चंद्रपूरपर्यंत माझं मनगट सोडलं नाही. दवाखान्यात शिबिराची हकीकत ऐकलेल्या एका परिचारिकेने सुनेला, "काय गं, भिंती रंगवणारी तूच का?" असं विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "तिला काही बोलू नका. चूक माझी होती." माझा आवाज सगळ्या वॉर्डाला ऐकू गेला.

ऑपरेशननंतर दीड महिन्याने म्हातारीला जाड भिंगांचा चष्मा मिळाला. सून लग्न होऊन आली तेव्हाच सासूची नजर मंदावलेली. तिने सुनेचा चेहरा कधी नीट पाहिलाच नव्हता. ती टक लावून बघत राहिली.

"एवढी सावळी हायेस म्हनून कोनी सांगतलं नवतं मले," म्हातारी म्हणाली.

"मंग काय, आता वापस धाडता का?" सुनेने विचारलं.

म्हातारीने तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "थांब. पाहू दे."